नवव्या पानावरचं दार

पनवेल
सोमवार, १६ जून २०२५

प्रिय चंद्री,

आधी बातमी, मग खुशाली. माझी कथा यंदा परत आलेली नाही. दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी आज सकाळी सव्वाअकराला स्वतः फोन करून हे सांगितलं. मी ब्लाउजला हुक लावत होते, दोन टाचण्या ओठांत होत्या. त्या गिळल्या नाहीत हे नशीब.

परत आली नाही म्हणजे घेतली असंही नाही. बाई म्हणाल्या, "बिल्कीसताई, यात काहीतरी आहे. पण तिथवर पोचायला मला फार चालावं लागतं. पंचवीस जुलैपर्यंत पुन्हा लिहून पाठवा. त्या संध्याकाळी अंक बंद. आणि स्पष्ट सांगते, यानंतर ही कथा मी पुन्हा हातात घेणार नाही."

रबियाची कथा गं, तीच. नवरा कुवेतला, बायको पनवेलला, अठरा वर्षं. गेल्या वर्षी परत आली, त्याच्या आदल्या वर्षीही आली. सहा वर्षं मी एकाच बाईला घेऊन बसलेय आणि आता अठ्ठावन्नाची झाले. आमच्या नवरोबांना, मुनाफना, सांगून टाकलंय, यंदा परत आली तर कागद-पेन बंद. शिलाईमशीन आहे, नातवंडं आहेत, तेवढं पुरे. हे मी रागाने म्हटलं नाही, हिशोबाने म्हटलं.

पण दुसरी बातमी ऐक. मला एक गट मिळालाय! आमच्या गल्लीच्या तोंडाशी माहनूरचं मेडिकल आहे ना, ती सव्वीस वर्षांची पोरगी. मी साखरेच्या गोळ्या घ्यायला गेले आणि चिठ्ठीच्या मागच्या बाजूला माझी चार वाक्यं लिहिलेली राहिली होती. तिने गोळ्या बाजूला ठेवल्या आणि तीच वाचली. म्हणाली, "आंटी, रविवारी चार वाजता सुकापूरला या."

तिथे अविनाशदादांच्या सोसायटीच्या ऑफिसात बसतात. हे अविनाशदादा कोर्टात स्टेनोग्राफर होते, जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं लिहून घेतलं, आता स्वतःचं लिहितात. तिसरा महादेव, तुमच्या गव्हाणचाच, मिठागरवाल्यांपैकी. आता इमारती बांधतो आणि भुताच्या गोष्टी लिहितो. मी चौथी. दर रविवारी एकाची पाळी.

नियम ऐकून हसू नकोस. आपलं लिखाण आपण वाचायचं नाही, दुसरा वाचतो. तेवढा वेळ लिहिणाऱ्याने तोंडात लवंग धरायची आणि गप्प बसायचं. लवंग काढली की पाळी गेली. ऐकणाऱ्यांनी आधी फक्त "यात काय घडलं" ते सांगायचं. मग जिथे आपलं मन भरकटलं ती जागा चिठ्ठीवर लिहायची. छान, वाईट, असं कर, तसं कर, यातलं काही बोलायचं नाही. दुरुस्ती ज्याची त्याने करायची.

मुनाफ म्हणतात, "चार आजारी माणसं एकमेकांना औषध देणार, आणि त्यात फार्मासिस्ट एकच."

माझी पाळी एकोणतीस जूनला आहे. चंद्री, मला परीक्षेच्या आदल्या दिवसासारखं वाटतंय. तुझं कानाचं यंत्र आलं का? फोनवर तू माझं निम्मं ऐकतेस आणि उरलेलं मनाने जोडतेस. पत्रंच बरी. भाविकाला दुआ.

तुझी,
बिल्कीस

•

नाशिक
शनिवार, २१ जून

प्रिय बिल्कू,

यंत्र आलं. त्यात पंखा ऐकू येतो, कुकर ऐकू येतो, माणूस ऐकू येत नाय. भाविका म्हणते, "आई, सवय होईल." होईल तेव्हा होईल. तोवर टपाल चालू दे.

संपादकबाईंचा फोन आला ते वाचून मी जावयाला पेढे आणायला पिटाळलं. त्याने विचारलं कशाचे, तर मी म्हटलं, परत न आल्याचे. तो अजून डोकं खाजवतोय.

पण ही लवंगेची भानगड मला पटली नाय. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला तोंडात लवंग घालून गप्प बसवायचं? शाळेत बाई अंगठे धरायला लावायच्या, ते काय कमी होतं? आणि कोण ही मंडळी? एक औषधं विकणारी पोर, एक कोर्टातला म्हातारा, आणि महादेव. तो लहान असताना मी त्याला बघितलाय, मिठाच्या राशीवरून घसरगुंडी खेळायचा आणि मग रडत घरी जायचा. तो तुला कथा शिकवणार?

मी तेरा वर्षं तुझं सगळं वाचतेय. एकदा तरी वाईट म्हटलं का? रबियाची कथा छानच आहे. ते लग्नाचं वर्णन तर फारच. रखमा गव्हाणहून मिठाची पाटी डोक्यावर घेऊन लग्नघरी येते आणि तुझी सासू विचारते, "मुली, हे आहेर म्हणून की लोणच्याला?" ते मी भाविकालाही वाचून दाखवलं. रखमा म्हणजे आईच, तिने लगेच ओळखलं.

तेव्हा परक्यांच्या नादी लागून चांगल्या कापडाला कात्री लावू नकोस, एवढंच सांगते.

तुझी,
चंद्रावती

•

पनवेल
सोमवार, ३० जून

चंद्री, चंद्री, चंद्री!

काल काय झालं ते ऐक. सकाळपासून दोन ब्लाउजच्या बाह्या उलट्या लावून झाल्यात.

चूक माझीच. सूनबाई नशरा कथा टाइप करत होती तेव्हा मीच तिला सांगितलं की पानांना नंबर घालू नकोस. नंबर घातले की वाचणारा किती उरलं तेच मोजत बसतो. सोळा पानं, एकाही पानावर आकडा नाही. ती मी महादेवच्या हातात दिली, लवंग तोंडात टाकली आणि खुर्चीत बसले. तेवढ्यात माहनूरने पंखा पाचावर केला.

पानं ऑफिसभर उडाली. महादेव एवढ्या धिप्पाड अंगाने ढोपरांवर बसून ती गोळा करतोय, टेबलाखालून दोन, पाण्याच्या मोटरच्या खोक्यामागून तीन. उठला, धूळ झटकली, घसा खाकरला आणि वाचायला लागला:

"'कोण पाहिजे?' रबियानं दाराआडून विचारलं. नवऱ्याला तिनं ओळखलं नव्हतं असं नाही."

अगं, हे नववं पान! मी हात हलवले. "ऊं, ऊं" केलं. अविनाशदादांनी बोट वर केलं. "लेखकाने साक्षीत ढवळाढवळ करायची नाही." मी नऊ बोटं दाखवली. माहनूर म्हणाली, "आंटी, पाणी हवंय का?" मी मान हलवली. "बाथरूम?" काय करू सांग! लवंग काढावी तर पाळी जाते, आणि पुढची पाळी सत्तावीस जुलैला, म्हणजे अंक बंद झाल्यावर दोन दिवसांनी. बसले. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले.

आणि मग एक गोष्ट लक्षात आली. कोणी हलत नव्हतं.

मध्येच सोसायटीतला एक माणूस दार उघडून आला. "टँकर कधी येणार?" अविनाशदादांनी त्याला हातानेच थांबवलं. तो तसाच उभा राहिला, हातात रिकामी बादली. महादेव वाचतोय, रबियाचा नवरा दारात उभा आहे, अठरा वर्षांत त्याला पहिल्यांदाच आपलं पूर्ण नाव सांगावं लागतंय, आणि हा बादलीवाला ऐकतोय. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग सोळावं पान संपलं आणि त्याला जोडून पहिलं आलं. लग्नघर, मांडव, सासरची माणसं. दुसऱ्याच परिच्छेदाला बादलीवाला टँकर शोधायला निघून गेला.

वाचून झाल्यावर नियमाप्रमाणे माहनूरने काय घडलं ते सांगितलं. म्हणाली, "एक बाई नवऱ्याला दारात उभं करते. तो कोण आहे हे त्याच्याच तोंडून तिला ऐकायचंय. मग बरीच पानं एक लग्न होतं. ते कोणाचं ते मला नीट कळलं नाही, तेव्हा मी मोबाईल बघत होते, सॉरी आंटी." तिन्ही चिठ्ठ्यांवर एकच जागा. लग्न.

तेव्हा मी लवंग काढली आणि ओरडले, "पानं उलटी वाचलीत तुम्ही! लग्न आधी आहे!"

महादेव हातातल्या कागदांकडे बघत बसला. "म्हंजे? मंग ती दाराची गोष्ट सुरुवात नाय?"

"नाही!"

"ताई, मंग ती सुरुवात करा ना! आमी इथं जीव टांगून बसलो व्हतो. बाय दार उघडतं का नाय, याच्याशिवाय दुसरं काय सुचत नव्हतं."

आणि अविनाशदादा काय म्हणाले असतील? "ताई, ही चूक दुरुस्त करायला न्यायालय तयार नाही."

आम्ही चौघं इतके हसलो की वरच्या मजल्यावरून कोणीतरी खाली डोकावलं. चंद्री, सहा वर्षं मी लोकांना मांडवातून, ओसरीतून, स्वयंपाकघरातून फिरवत दारापर्यंत नेत होते. दार तर आधीच तिथे होतं! संपादकबाईंना "फार चालावं लागतं" ते हेच.

लग्नाचा भाग थोडा हलवावा लागेल, एवढंच. आजपासून बसते. पंचवीस दिवस आहेत.

तुझी,
बिल्कीस

•

नाशिक
शुक्रवार, ४ जुलै

बिल्कीस,

थोडा हलवावा लागेल म्हणजे काढावा लागेल. मी तुला सहावीपासून ओळखते. वर्गात माझी पेन्सिल हरवलीस तेव्हासुद्धा "थोडी इकडेतिकडे झालीय" म्हणाली होतीस.

त्या लग्नात रखमा आहे. ती मिठाची पाटी मी गव्हाणहून चालत आणली होती, हे त्या मंडळींना माहीत नाय. त्यांना मोबाईल बघायचा असेल तर त्यांनी बघावा. पण टँकर शोधणाऱ्या माणसाच्या सांगण्यावरून तू मला कथेतून बाहेर काढणार असलीस, तर मी काय बोलणार?

कर तुला हवं ते. आता चार वाचक मिळालेत. मी एकटी कितीशी पुरणार?

चंद्रावती

•

पनवेल
सोमवार, १४ जुलै

प्रिय चंद्री,

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून मी रोज तुला लिहायला बसते आणि रबियाला लिहून उठते. रागावलीस, बरोबर आहे. "थोडा हलवावा" हे मी भीतीने लिहिलं होतं. खरं ते आता लिहिते. लग्नाची आठ पानं दीड पानावर आणली. मिठाची पाटी आहे, सासूचा प्रश्न आहे, पण रखमा तेवढ्यापुरती येते आणि जाते. कापताना तुझी आठवण झाली नाही असं एकही वाक्य नव्हतं.

आता काल काय झालं ते. काल अविनाशदादांची पाळी होती. त्यांनी मे महिन्यापासून लिहिलेली गोष्ट तयार होती, फाइलला दोरा बांधून आणली होती. ती त्यांनी पिशवीतच ठेवली आणि म्हणाले, "ताईंची तारीख जवळ आहे. माझ्या प्रकरणाला पुढची तारीख द्या." मी नाही नाही म्हणत होते तर माहनूरने माझ्या हातावर लवंग ठेवली. काय बोलणार!

या वेळी पानांना नंबर होते. महादेवने वाचलं. अकरा पानं. दहा पानांवर एकाचंही मन भरकटलं नाही, चंद्री! महादेव वाचता वाचता मध्येच थांबून म्हणाला, "आईशप्पथ," आणि अविनाशदादांनी त्याला दटावलं. मी आतून उड्या मारत होते.

आणि अकरावं पान. तिन्ही चिठ्ठ्या त्याच पानावर. रबिया दार उघडते, नवऱ्याला बघते आणि ढसाढसा रडते, तिथे. मी विचारलं काय चुकलं, तर कोणाला सांगता येईना. महादेव म्हणाला, "रडणं बराबर हाय, पर..." माहनूरने बराच विचार केला. मग म्हणाली, "आंटी, ती रडायला लागली तेव्हा मला वाटलं की घरात दुसरीच कोणीतरी बाई शिरली."

कसम से, मला रात्रभर तेच वाक्य ऐकू येत होतं. मी तिथे कितीदा लिहिलं आणि फाडलं. मूक रडवली, हुंदके देऊन रडवली, पदराने डोळे टिपून रडवली. बाई दुसरीच ती दुसरीच.

अकरा दिवस उरलेत. सोबत पूर्ण कथा पाठवतेय. रुसलेली असलीस तरी वाच. आणि एक मेहेरबानी कर, या वेळी छान म्हणू नकोस.

तुझी,
बिल्कीस

•

नाशिक
शुक्रवार, १८ जुलै

प्रिय बिल्कू,

आधी कबुली देते, नाहीतर पुढचं लिहिता येणार नाय.

तेरा वर्षांत तुझं एकही लिखाण मी शेवटपर्यंत वाचलं नव्हतं. तीन पानं, फार तर चार. मग जांभया यायच्या. मग मी छान असं लिहून पाकीट बंद करायची. मला वाटायचं, खरं सांगितलं तर तू लिहिणं सोडशील, आणि लिहिणं सोडलंस तर मला पत्रं कोण लिहील? रबियाच्या कथेत रखमा मिठाची पाटी ठेवून जाते तिथवर मी आवडीने वाचलं, चारचारदा वाचलं. ती गेली की मीही गेले. पुढे काय आहे ते मला परवापर्यंत माहीतच नव्हतं.

परवा दुपारी तुझं पाकीट आलं. मी चिडलेली होते. रखमा कुठे आहे ते बघावं आणि ठेवून द्यावं म्हणून उघडलं. पहिल्याच ओळीला "कोण पाहिजे?" आणि मी उभ्यानेच वाचत राहिले. गॅसवर दूध उतू गेलं. ते ऐकायला मी यंत्र घातलं नव्हतं. भाविका ओरडत आली तर मी तिला हातानेच थांबवलं. तुझ्या त्या अविनाशदादांसारखं.

दहा पानं झाली, अकरावं आलं, आणि मला राग आला. तुझ्या त्या पोरीला जे सांगता आलं नाय ते मला सांगता येतं, कारण त्या दिवशी मी तुझ्या घरात होते. विसरलीस का? दारातला प्रश्न तू रचलास, तो चांगला रचलास. पण पुढचं जे खरं होतं ते का गाळलंस?

तू रडली नव्हतीस, बिल्कू. तू हसत होतीस.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी माहेरी गव्हाणला आले होते, तिथून तुझ्याकडे आले, आपण दोघी स्वयंपाकघरात सांदण खात होतो. मुनाफभाई कुवेतहून कायमचे परत यायचे होते, पण दुसऱ्या दिवशी. घंटी वाजली. तू खिडकीच्या गजातून बघितलंस आणि मागे वळून मला म्हणालीस, "आला. एक दिवस आधी आला." मी उठले तर तू माझा हात धरून बसवलंस. "उभा राहू दे जरा. दारात थांबणं काय असतं ते त्यालाही कळू दे." पुन्हा घंटी. भाई बॅगेवर बसले. खिशातून कंगवा काढून केस विंचरले. थोड्या वेळाने पुन्हा विंचरले. तू ओढणीचा बोळा तोंडात कोंबला होतास, इतकं हसू येत होतं. आपण ताटातलं सांदण संपवलं. पंधरा मिनिटं झाली असतील. मग तू नळाखाली डोकं धरलंस, ओल्या केसांनी गेलीस आणि दार उघडून म्हणालीस, "अहो, मी न्हाणीत होते!"

ती बाई कुठे गेली तुझ्या कथेतून? तुझ्या गटातल्या माणसांना ती माहीत नाय, तरी ती नाही हे त्यांना कळलं. मला ती माहीत होती, तर मी तिच्यापर्यंत कधी पोचलेच नाय.

आणि रखमाला लग्नातून काढलंस ते बरोबर केलंस. तिला जिथे होती तिथे बसव.

छान म्हणत नाय.

तुझी,
चंद्रावती

•

पनवेल
सोमवार, २१ जुलै
(कार्ड)

तेरा वर्षं, चंद्री! शनिवारी पत्र आलं आणि दोन दिवस मी तुझ्याशी बोलले नाही. तू नाशिकला असल्यामुळे तुला ते कळलं नसेल.

आज राग गेला. तू लिहिलंस ते सगळं खरं आहे, कंगव्यासकट. मी ते गाळलं कारण मला वाटलं, अठरा वर्षं वाट बघणारी बाई गोष्टीत हसली तर लोक तिला काय म्हणतील? पण खरी अडचण दुसरीच. मुनाफना आजही वाटतं मी न्हाणीत होते. सहा वर्षं ते लग्नकार्यात, मशिदीबाहेर, प्रत्येकाला सांगतात, "बीवी न्हाणीत होती म्हणून, नाहीतर अनवाणी धावत आली असती." हे सांगताना त्यांचा चेहरा बघितलायस ना? आणि मी छापून सगळ्यांना सांगू की खिडकीतून बघत सांदण खात होते?

चार दिवस उरलेत. तूच सांग काय करू.

बिल्कीस

•

नाशिक
बुधवार, २३ जुलै
(कार्ड)

नाय सांगणार. दुरुस्ती ज्याची त्याने करायची, हा तुमचाच नियम ना? माझं मन कुठे उठलं ती जागा मी सांगितली. रबिया रडली तिथे मी पाकीट बंद केलं. ती हसली असती तर मी पान उलटलं असतं. एवढंच.

चंद्रावती

•

पनवेल
मंगळवार, १२ ऑगस्ट

प्रिय चंद्री,

घेतली!

संपादकबाईंचा मेल काल दुपारी आला. नशराने मोठ्याने वाचला, मग मी वाचला, मग माहनूरने दुकानाच्या काउंटरवर वाचला. अविनाशदादांचं तेवढ्याने समाधान होईना. त्यांनी अंकाच्या ऑफिसात फोन लावून "बिल्कीस यांची कथा स्वीकृत झाली आहे, हे खरं का?" असं विचारून बाईंच्या तोंडून होकार घेतला, वेळ लिहून घेतली आणि मगच मला मुबारक म्हणाले. बाईंनी एकच ओळ लिहिलीय: शेवटच्या पानाला हात लावणार नाही.

तुझं कार्ड पंचवीस जुलैला दुपारी दोनला आलं. तोवर माझं ठरलं होतं. चोवीस तारखेला मी सकाळी सातला बसले आणि रबियाला खिडकीशी नेलं. पुढचं मला फार लिहावं लागलं नाही. रखमा ताट घेऊन शेजारी बसलीच होती. दोन पानं एका बैठकीत झाली, खाडाखोड न करता, सहा वर्षांत पहिल्यांदा. हसत हसत लिहिलं गं. सूनबाई दोनदा बघून गेली, सासूला काय झालं म्हणून.

पंचवीसला तर धमालच. माहनूरने दुकान भावावर सोपवलं, अविनाशदादा लाल पेन घेऊन आले, महादेव साइटवरून हेल्मेट घालूनच आला. तिघं माझ्या शिलाईच्या टेबलाभोवती. सगळ्यांनी शेवटची दोन पानं आळीपाळीने वाचली. लवंग नाही, चिठ्ठ्या नाहीत, वेळच नव्हता. महादेव वाचून बाहेर गेला, ओट्यावर बसून एकटाच हसला आणि आत येऊन म्हणाला, "पाठवा ताई, आता काय बी बगू नका." संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी नशराने बटण दाबलं. अंक सहाला बंद व्हायचा होता.

तू म्हणशील, मुनाफचं काय. तेच सांगायला हे पत्र.

येत्या रविवारी, सतरा तारखेला, गटाने ठरवलंय की कथा पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची, नुसती ऐकायला. टीका नाही, फक्त आनंद. महादेवला पुतणीच्या साखरपुड्याला जायचंय, म्हणून अविनाशदादांनी परस्पर मुनाफना विचारलं, "आवाज तुमचा खणखणीत आहे, वाचाल का?" आणि ते हो म्हणाले. हो म्हणाले, चंद्री! चार आजारी माणसांचं औषध म्हणून हसणारा माणूस रविवारसाठी शर्टाला इस्त्री करून घेतोय, आणि तिथल्या माणसांसाठी काय न्यायचं ते मला रोज विचारतोय.

मी त्यांना आधी वाचायला दिली. त्यांनी पहिलंच पान वाचलं आणि परत केली. म्हणाले, "बाकीचं तिथंच कळू दे. आधी कळलं तर वाचायला मजा काय?" सकाळपासून आरशासमोर उभं राहून "कोण पाहिजे?" वेगवेगळ्या आवाजात म्हणून बघताहेत. मला विचारलं, "या रबियाने नवऱ्याला इतका वेळ का उभं केलंय?" मी म्हटलं, "वाचा की पुढे." काल शेजारच्या शाहीदला सांगत होते, "बेगमची गोष्ट आहे, पण आपलं घर वेगळं. आपली बीवी न्हाणीत होती."

भाविकाला म्हणावं, आईला शनिवारीच मुक्कामाला घेऊन ये. सुकापूरची ती खोली लहान आहे आणि आवाज घुमत नाही, यंत्र लावून तुला नीट ऐकू येईल. मी अविनाशदादांना सांगितलंय, पंखा दोनावर ठेवा.

चार वाजता मुनाफ उभे राहतील. अकराव्या पानावर पोचायला त्यांना पाऊण तास लागेल, फार तर पन्नास मिनिटं. तिथे खिडकी आहे, बॅगेवर बसलेला माणूस आहे, आणि तो खिशातून कंगवा काढतो. तिथे ते थांबतील. मग एक तर कागद खाली ठेवतील, नाहीतर माझ्याकडे बघून पुढचं वाक्य वाचतील. खुदा जाणे. त्या वेळी तू माझ्या शेजारी हवीस.

तुझी,
बिल्कीस